उस्मानपुऱ्याच्या पत्त्यावर

१

घर बदललं की पत्ता बदलावा लागतो, आणि पत्ता बदलायचा म्हणजे दारोदार फिरावं लागतं. रत्नमालेची त्याला ना नव्हती. गॅसवाला, बँक, रेशन दुकान, सगळीकडं ती स्वतः गेली. बाई चौथी शिकलेली, पण खिडकीपलीकडच्या माणसाला तिचा आवाज पहिल्या फटक्यात ऐकू जायचा.

"मुकुंदवाडी लिव्हा. उस्मानपुरा खोडा. नीट खोडा, अर्धवट नको."

उस्मानपुऱ्यातल्या तळमजल्याच्या दोन खोल्यांत तिचा अर्धा जन्म गेला होता. नवरा पुंजाराम गेला तेव्हा सत्यम शाळेत होता. तिनं चूल पेटवली आणि कॉलेजच्या पोरांचे डबे सुरू केले. डबा परत आला आणि त्यात भाजी उरलेली दिसली, तर ती पोराला दारात उभं करून विचारायची, "का रं, विष घातलं होतं का मी?" पोरं भ्यायची आणि डबा चाटून पुसून पाठवायची. त्या डब्यांवर सत्यम शिकला, क्रांती चौकाजवळच्या ऑफिसात चिकटला, त्याचं निशाशी लग्न झालं. आणि दिवाळीनंतर मुकुंदवाडीला पाचव्या मजल्यावर फ्लॅट झाला.

निघायच्या दिवशी टेम्पो भरला. रिकाम्या खोल्या एकदम मोठ्या दिसायला लागल्या. रत्नमाला उंबऱ्याबाहेर येऊन आत तोंड करून उभी राहिली. तिच्या माहेरची रीत होती ती. घर सोडताना घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि 'चल' म्हणायचं. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. आई करायची म्हणून ती करायची.

"सत्यम, चल. निशा, चल." मग जरा थांबून, नवऱ्याचं नाव न घेता, "चला हो तुम्ही पण."

स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नसतं. ते पोटच्या लेकरानं घ्यायचं.

"सत्यम, आता मला हाक मार. नाव घेऊन मार. तोवर मी तुळस सगीराकडं ठेवून येते. लिफ्टमध्ये मोडंल ती."

शेजारच्या सगीराला तुळस देऊन, तिच्या गळ्यात पडून, डोळे पुसून ती परत आली, तर सत्यम कुलूप लावून फोनवर बोलत उभा होता.

"मारली का हाक?"

"मारली गं आई. बस रिक्षात. टेम्पोवाला बोंबलतोय."

ती बसली. पोटच्या पोराच्या शब्दावर बसली.

२

सगळीकडं पत्ता बदलला, आधार कार्डावर बदलेना.

औरंगपुऱ्यातल्या सेंटरवर अपेक्षा नावाची पोरगी होती. तिनं कागद उलटेपालटे केले. "काकू, फ्लॅटच्या कागदांवर तुमचं नाव नाय. काय हरकत नाय. मुलाच्या आधारवरून करू. फक्त त्यांनी मोबाईलवर हो म्हणायचं."

"काय हो म्हणायचं?"

"की ही माझी आई, माझ्या घरी राहते."

"त्याला बी परवानगी लागती व्हय? त्याला जन्म देताना मी कुणाला विचारलं नव्हतं."

पोरगी हसली. रत्नमाला पण हसली. संध्याकाळी सत्यमला सांगितलं. "करतो," म्हणाला. मग विचारलं तर, "केलं की."

महिना उलटला आणि अर्ज परत आला. अपेक्षा म्हणाली, "काकू, त्यांनी होकारच दिला नाय. मुदत गेली."

"तो तर केलं म्हणतो."

"नेटचा घोळ असंल. पुन्हा टाकू."

"शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी टपाल बरोबर दारात येतं. आन एका बाईचा पत्ता तुम्हाला बदलंना!" रत्नमाला एवढ्या जोरात बोलली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

त्याच आठवड्यात बँकेचं नवं कार्ड यायचं होतं. आलं नाही. बँकेत गेली तर कळलं, ते आधारवरच्या जुन्या पत्त्यावर गेलं, आणि नुसतं गेलं नाही, पोचलं.

"पोचलं? घर बंद आहे ते. कुणी घेतलं?"

काउंटरवरच्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. "तुम्हीच घेतलंय, बाई."

३

भर दुपारी ती उस्मानपुऱ्यात उतरली. गल्ली होती तशीच होती. दाराला कुलूप होतं.

कुलूप तिचंच होतं. पितळी, खालून घासलेलं. सत्यम म्हणाला होता, घर सोडलं, चावी मालकाला दिली. मालक पुण्यात. म्हातारा माणूस, त्यानं तेच कुलूप ठेवलं असेल. ठेवलं असेल, असं म्हणून तिनं ती गोष्ट बाजूला सारली.

मग तिचं लक्ष खाली गेलं. उंबऱ्यापुढं सडा टाकलेला होता आणि अजून पुरता वाळला नव्हता. त्यावर रांगोळी होती. साधीच, चार रेघांची. उजवीकडची रेघ जरा जास्त लांब गेलेली. लग्नापासून तिच्या हाताला ती रेघ अशीच यायची. त्यावरून तिनं सासूची बोलणी खाल्ली होती.

शेजारचं दार उघडलं. सगीरा गळ्यात टेप अडकवून बाहेर आली. ती कपडे शिवायची. तिचं मशीन या भिंतीपलीकडं सकाळपासून खडखडत असायचं.

"आपा! अभी तो अंदर गए थे तुम. बाहर कब आए?"

"सगीरा, चष्मा बदल. मी आत्ता रिक्षातून उतरले."

"हौ हौ, चष्मा बदलती." सगीरा हसली, आत गेली आणि एक वाटी घेऊन आली. "ये लो तुम्हारी कटोरी. कल की आमटी क्या बनी थी! मेरा बेटा मोईन उंगलियाँ चाट रहा था. और एक बात बोलूँ? बुरा मत मानना. आजकल चिल्लाते नहीं तुम. कितना अच्छा लगता. कोई गोली चालू की क्या?"

रत्नमालेनं वाटी हातात घेतली. स्टीलची, काठावर पुंजारामचं नाव कोरलेलं. नुकतीच धुतलेली, ओली.

सगीरा पन्नाशीची झाली. नवरा गेल्यापासून तिचं डोकं कधी कधी भिरभिरतं. दिवाळीच्या आधीची वाटी असेल, आज सापडली असेल. रत्नमालेनं स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं. पदराखाली वाटी धरून ती निघाली, तेव्हा वाटी कोमट होती. उन्हानं असेल.

४

फ्लॅटमधल्या मांडणीवर तिची वाटी जागेवर होती.

तिनं दुसरी तिच्याशेजारी ठेवली. दोन्हींवर पुंजाराम. दोन्हींवर 'जा' जरा खाली घसरलेला, कारण कोरणाऱ्याच्या हाताला धक्का लागला होता. दोन्हींच्या बुडाला पोचा. सत्यम लहानपणी रुसायचा, तेव्हा त्यानं फेकून मारली होती ती वाटी. एकदाच फेकली होती. एकच वाटी.

तिनं एक दुसरीत ठेवून बघितली. भांड्यात भांडं ठेवलं की खण्ण वाजतं. काही वाजलं नाही. आणि पुन्हा काढल्या तेव्हा आपण आणलेली कोणती, ते तिला सांगता येईना.

"आई, काय शोधताय?" निशा मागं उभी होती. पोरगी वाईट नव्हती. बोलायला कमी आणि ऐकून घ्यायला कंटाळलेली. रत्नमालेचा आवाज चढला की ती बाल्कनीचं दार लावून घ्यायची.

"काय नाय. डबेवाल्यानं ठेवलेला सत्यमचा डबा आणला का वर?"

निशानं डबा ओट्यावर ठेवला. ठेवल्याचा आवाज जड आला. रत्नमालेनं झाकण उघडलं. पोळ्या जशाच्या तशा. भाजीवर तेलाची साय धरलेली.

"रोज असाच येतो," निशा हळूच म्हणाली. "मी फेकते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

अख्ख्या उस्मानपुऱ्याला डबा चाटायला लावणारी बाई ओट्याला धरून उभी राहिली.

सत्यम आला. पाणी पिऊन तिच्यापुढं मोबाईल धरून म्हणाला, "हे बघ आई, पुन्हा अर्ज आलाय. करतो उद्या." बोटं तिच्या नाकासमोर आली. त्या बोटांना येसराचा वास होता. धान्य, मिरच्या भाजून कुटलेला मसाला, तिच्या हातचा. कितीही साबण लावा, नखात राहतो तो. या घरात तिनं येसर आमटी एकदाही केली नव्हती. वास फ्लॅटभर होतो म्हणून निशानं नको म्हटलं होतं, आणि येसराची बरणी अजून फडक्यात बांधलेली होती.

"कुठं जेवलास?"

"कँटीनला."

"कँटीनला येसर आमटी करत्यात?"

"काहीतरीच काय." तो उठून आत गेला.

रत्नमालेनं दोन अधिक दोन केले. घर सोडलंच नाही यानं. तिथं कुणीतरी ठेवलीय. रांधून घालते, टपाल घेते, माझी नक्कल करते. सटवी! हे कळल्यावर तिला जरा हुशारीच वाटली. बाई असेल तर तिच्या झिंज्या धरता येतात.

५

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी ती गल्लीच्या तोंडाशी पोचली. समोरून टपालवाला सायकलवर येत होता. तिला बघून त्यानं ब्रेक दाबला.

"मावशी, बँकेचं पाकीट मिळालं ना? परवा तुम्ही पाणी दिलं, लई बरं वाटलं. इतकी वर्षं टपाल आणतो, तुमच्या शिव्याच खाल्ल्या. आता एकदम कशा काय शांत झाल्या?"

"मी दिलं पाणी?"

"मग कुणी? माझ्या पोरीचं लग्न जमलं का, ते बी विचारलं." तो खूश होऊन निघून गेला.

तिनं पदर ओढून घेतला आणि सगीराच्या घरात शिरली. "मला इथं बसू दे. काय विचारू नको."

सगीरा मशीनवर मान घालून शिवत राहिली. रत्नमाला खिडकीच्या पडद्याआड बसली. तिथून तिचं जुनं दार दिसत होतं. कुलूप बाहेरून लावलेलं.

सत्यमची गाडी आली. त्यानं हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला. खिशातून चावी काढून कुलूप काढलं. आणि दार ढकलायच्या आधी, शाळेतून आल्यावर मारायचा तशी, लांबलचक, लाडाची हाक मारली.

"आईऽऽ!"

आतून आवाज आला, "आले रे."

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, ते रत्नमालेला मोबाईलमुळं माहीत होतं. जरा बारीक, जरा परका. हा तसाच होता. फक्त त्यात तिची धार नव्हती.

आणि कुलूप तर बाहेरून होतं.

"सगीरा," ती म्हणाली. "मी इथं बसलीय ना?"

सगीरानं दातांनी दोरा तोडला. वर बघितलं नाही. "हौ आपा. तुम इधर बी बैठे, उधर बी."

"तुला ठाऊक होतं?"

"पहले दिन से."

"आन मला सांगितलं नाय? मी तुझ्या बाळंतपणात तुझं हागंमुतं काढलं, सगीरा."

मशीन थांबलं. सगीराचा चेहरा पडला होता, पण आवाज सरळ होता. "सत्यम बोला, उस अम्मी को नक्को बोलना, झगडा करेगी. कल मैंने आधा बोला, तुम हँसी में ले गए. मैं क्या करती? दोनों तुमीच ना. और वो..." तिनं गळ्यातला टेप ओढून हातात घेतला. "वो मेरे पास आ के बैठती, आपा. दो घडी. तुम कभी बैठे?"

६

दार नुसतं लोटलेलं होतं. रत्नमालेनं लाथेनं उघडलं.

सत्यम भिंतीला टेकून जमिनीवर जेवत होता. पुढ्यात ताट, वाटीत लाल आमटी, हातात चुरलेली भाकर. स्वयंपाकघराच्या दारातून एक हात पुढं आलेला होता, ताटात दुसरी भाकरी ठेवत. मनगटाजवळ तव्याचा जुना डाग. दार उघडल्याबरोबर हात मागं गेला. घाईनं नाही. सावकाश.

"कोण आहे ती?"

सत्यम उभा राहिला. हात खरकटा तसाच. "आई, तू घरी जा."

"कोणाच्या घरी? माझ्या आधारवर हो म्हणायला तुला होत नाय. फ्लॅटच्या पाटीवर तुझ्या मेलेल्या बापाचं नाव हाय, माझं नाय. आता हे. कोण आहे ती?"

चाळिशीकडं झुकलेला पोरगा खाली मान घालून उभा, वाटी फेकल्यावर उभा राहिला होता तसा.

"त्या दिवशी मला हाक मारली होतीस का?"

आत कुणीतरी भाकरी थापत होतं. थप, थप. तिच्याच हाताची लय.

"नाय मारली," सत्यम म्हणाला.

"विसरलास?"

"नाय. मुद्दाम." त्याचे डोळे भरले होते. "रोज भांडण, आई. निशाशी, माझ्याशी, लिफ्टवाल्याशी. मला वाटलं, नाय हाक मारली तर तुझं ते सगळं इथंच राहील. नव्या घरी शांत होईल. चावी परत द्यायच्या आधी बघायला आलो, तर..."

"आन काय राहिलं इथं?"

त्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं. असं बघितलं, की लहानपणानंतर त्यानं तिच्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

थप, थप थांबलं.

रत्नमाला आत घुसली. झिंज्या धरायला हात पुढं करूनच घुसली.

ओटा रिकामा होता. शेगडी नव्हती, तवा नव्हता. धूळ होती बोटभर. मोरी कोरडी. आणि सगळीकडं भाजलेल्या येसराचा वास. तिनं दारामागं बघितलं, ओट्याखाली वाकून बघितलं. ओट्याखाली कोपऱ्यात कोळ्यानं जाळं धरलं होतं.

मागून सत्यमच्या पावलांचा आवाज आला. तो बाहेर गेला होता. उंबऱ्यापलीकडं, आत तोंड करून उभा होता, ती उभी राहिली होती तिथंच.

तिला एकदम कळलं तो काय करणार आहे. पोटातून उमाळा आला. शेवटी पोटचाच. उशिरा का होईना, मारतोय हाक. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आईचं नाव घेतलं.

"रत्नमाला, चल."

ती 'आले' म्हणणार, त्याच्या आधी तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "आले रे."

तिच्या अंगाला घासून पदर गेला. तिची अंजिरी साडी, सत्यमच्या लग्नातली. पाठीवर आलेली विरळ वेणी. डाव्या टाचेची खोल भेग. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. रत्नमालेला दिसली. ती उंबरा ओलांडून उन्हात गेली. सत्यमनं तिला चपला पुढं करून दिल्या. खाली वाकून दिल्या.

रत्नमाला धावली. उंबऱ्यापर्यंत धावली. पाऊल उचललं, ते पुढं पडलं नाही. तिचं नाव त्या दुसरीबरोबर उंबरा ओलांडून गेलं होतं.

"सत्यम! सत्या! अरं, मी हाय ना! मला—"

त्यानं तिच्याकडं बघितलं. दिसत होती ती त्याला. नक्की दिसत होती. म्हणूनच त्यानं दार लावताना डोळे मिटून घेतले.

७

पितळी कुलूप बाहेरून लागलं. गाडी सुरू झाली. मागं बसताना बाई म्हणाली, "हळू चालव रे बाळा," आणि तो हसला.

खोल्यांतला वास आधी गेला, मग ताट गेलं, मग भिंतीजवळची बसल्याची खूणही धुळीनं भरून आली. रत्नमाला दारापाशी बसून राहिली. भूक लागत नव्हती. राग मात्र जागच्या जागी होता, ताजा, जसा चुलीवरून आत्ता उतरवलेला.

एका दुपारी गल्लीत सायकलची घंटी वाजली. ती उठून दाराच्या फटीला लागली. सायकल दारासमोर आली आणि थांबली नाही. पुढं सगीराच्या दारात थांबली.

"भाभी, मावशीचं काय टपाल आलं तर घेऊ नका बरं का. त्यांचा पत्ता बदलला. मुकुंदवाडी झालं आता. मुलानं करून दिलं सगळं."

"हौ? अच्छा हुआ," सगीरा म्हणाली.

"लई गोड बाई हो. जाताना माझ्या पोरीला साडी पाठवली."

घंटी लांब गेली.

रत्नमालेनं दोन्ही मुठींनी दार बडवलं. "सगीरा! सगीरा, मी आत हाय! कुणाला तरी सांग, माझं नाव घ्यायला सांग! सगीराऽ!"

तिच्या आवाजात काही कमी झालं नव्हतं. भिंतीपलीकडच्या माणसाला तो पहिल्या फटक्यात ऐकू जायचा.

भिंतीपलीकडं मशीन थांबलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी भिंतीजवळ आलं, उभं राहिलं. श्वास ऐकू येत होता. रत्नमालेनं हाताचा तळवा भिंतीवर टेकवला आणि वाट बघितली.

मग पावलं परत गेली. खुर्ची सरकली. मशीन सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.